कथेतलं मूल मोठं कसं होतं? नात्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत राहून मराठीत लिहिणाऱ्या आणि आठ ते अठरा वयाचा नायक किंवा नायिका घेऊन कथा-कादंबरीला हात घातलेल्यांसाठी ही उत्तरं आहेत. खर्डे वाचताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, तेच इथे घेतले आहेत.

भावनिक वाढ म्हणजे पानावर नेमकं काय दाखवायचं?

बदललेलं वागणं. ‘त्या दिवशी ती एकदम मोठी झाली’ असं निवेदकाने सांगितलं, तरी वाचकाच्या हाती काही लागत नाही.

एक उदाहरण धरू. काळाचौकीच्या चाळीत राहणारी, आठवीतली तेरा वर्षांची मुलगी. कॉलेजसाठी गावाहून चुलत बहीण राहायला येते आणि माळ्यावरची जागा दोघींत वाटली जाते. पहिल्यांदा तिच्या वह्या हलवल्या जातात तेव्हा ती दिवसभर अबोला धरते. दुसऱ्यांदा ती सगळ्यांसमोर बोलून जाते, ‘फुकट राहतेस ना आमच्याकडे!’ तिसऱ्यांदा वह्या पुन्हा हललेल्या दिसतात आणि ती फक्त विचारते, ‘माझी भूगोलाची वही कुठे ठेवलीस गं?’ जागा तीच, कारण तेच, वागणं तीन तऱ्हांचं. शेवटचा प्रश्न किती साधा आहे बघा. आधीचे दोन प्रसंग वाचलेल्याला त्यातलं अंतर कळतं, समजावून सांगावं लागत नाही.

यातला मधला प्रसंग पहिल्यापेक्षा वाईट आहे, हे मुद्दाम केलं आहे. मूल दर वेळी थोडं थोडं सुधारत गेलं की कथा प्रगतिपुस्तकासारखी वाचली जाते. आधी त्याच्या हातून कुणाला तरी लागायला हवं. ते लागलेलं त्याला दिसायला हवं, आणि लगेच माफी मागता येऊ नये. त्या न मागितलेल्या माफीचं ओझं पुढची चाळीस-पन्नास पानं चालवतं.

मूल एकट्याने, स्वतःच्या विचारांनी मोठं होऊ शकत नाही का?

आयुष्यात होतं. कथेत ते दाखवणं फार अवघड जातं. नात्यात समोरचं माणूस मुलाकडून काहीतरी मागत असतं: वेळ, खरं बोलणं, गप्प राहणं, वाटा, धीर. आणि नेमकं तेच त्या मुलाला अजून देता येत नाही. या मागण्यातून आणि न देता येण्यातून प्रसंग उभा राहतो. आमच्या मते किशोरवयीन कथेचा सगळा जोर इथूनच येतो. म्हणून कोणतंही नातं आखताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की हे माणूस या मुलाकडून काय मागतंय? उत्तर ‘काहीच नाही, ते फक्त प्रेम करतं’ असं आलं, तर ते पात्र अजून तयार झालेलं नाही.

वयाप्रमाणे नात्यांचं वजन कसं बदलतं?

आठ ते दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा शब्द प्रमाण वाटतो आणि वाटणीतला अन्याय सगळ्यांत झोंबतो. भावाला दोन लाडू आणि आपल्याला एक, हे त्या वयातलं खरं दुःख आहे. लेखकाने त्याला वरून हसू नये. अकरा ते तेरा या काळात टोळी महत्त्वाची होते. आपल्याला खेळायला घेतलं की नाही, आपल्या डब्याला कुणी नाक मुरडलं का, याने दिवस ठरतो. लाज ही या वयाची मुख्य भावना. चौदा ते सोळात आई-वडिलांचे दोष दिसू लागतात, आणि ते दिसल्याचा रागही आई-वडिलांवरच निघतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी माणसाच्या घडणीचे आठ टप्पे मांडले. त्यांतल्या पाचव्या, म्हणजे किशोरवयाच्या टप्प्यावर त्यांनी ‘मी कोण?’ हा प्रश्न ठेवला. मुलं हा प्रश्न डायरीत क्वचितच लिहितात. कुणासारखं व्हायचं आणि कुणासारखं मुळीच व्हायचं नाही, यातून ती त्याचं उत्तर शोधतात. सतरा-अठराला आई-वडील पुन्हा जवळ येऊ शकतात, पण आता वेगळी, चुकणारी, दमणारी माणसं म्हणून.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे दहा वर्षांच्या तोंडी सोळा वर्षांची समज. तपासणं सोपं आहे. पात्राचं नाव झाकून फक्त संवाद कुणाला तरी वाचायला द्या आणि वय ओळखायला सांगा. अंदाज तीन-चार वर्षांनी चुकला तर संवाद पुन्हा लिहा.

मुलींच्या कथांत पाळीचा उल्लेख अनेकदा एका ओळीत उरकला जातो. खरं तर आई किती सांगते, काय सांगायचं टाळते, एका खोलीच्या घरात बाबा आणि भाऊ त्या वेळी कुठे असतात, आणि कालपर्यंत मैदानावर येणारी मुलगी आज आली नाही तर मित्रांना काय सांगितलं जातं, यात चार नाती एकदम हलतात. एवढा भरीव मजकूर सोडून देऊ नये.

एका कथेत किती नाती घ्यावीत?

तीन हजार शब्दांच्या कथेत एक मुख्य आणि एक बाजूचं. पन्नास-साठ हजार शब्दांच्या कादंबरीत चार किंवा पाच. हिशेब असा: नातं बदललेलं पटण्यासाठी किमान तीन प्रसंग लागतात, आणि प्रसंग नीट वसायला आठशे ते बाराशे शब्द. म्हणजे एका नात्याला साधारण तीन हजार शब्द आले. आठ-नऊ नाती घेतली की निम्मी कादंबरी या किमान प्रसंगांतच जाते आणि सगळी माणसं ओळख करून दिल्यासारखी येऊन जातात.

दोन नाती एकच काम करत असतील तर एक काढा. आजीही कुशीत घेते आणि शेजारच्या काकूही कुशीत घेतात? मग काकूंना दुसरं काम द्या. चाळीत त्यांना रागावण्याचाही हक्क असतोच.

नात्यांचा आराखडा कसा करायचा?

एका कागदावर प्रत्येक नात्यासाठी चार रकाने आखा. मुलाला या माणसाकडून काय हवंय. या माणसाला मुलाकडून काय हवंय. दोघांत काय बोललं जात नाही. शेवटी काय वेगळं झालं. तिसरा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि कथा बहुतेक वेळा तिथेच सापडते. वरच्या उदाहरणात बोललं न जाणारं असं: चुलत बहिणीच्या वडिलांनी पूर्वी कधीतरी मुलीच्या बाबांना पैशांची मदत केलेली आहे, त्यामुळे तिला ठेवून घेणं हे उपकार नाहीत, परतफेड आहे. मुलीला हे ठाऊक नाही, बहिणीला ठाऊक आहे. आता ‘फुकट राहतेस’ हे वाक्य पुन्हा वाचून बघा.

दुसरा आणि चौथा रकाना रिकामा राहिला तर ते पात्र सजावटीपुरतं आहे. ठेवायला हरकत नाही, पण त्याच्यावर पानं खर्चू नयेत.

आई फार देवमाणूस होते. काय करावं?

मराठी लेखनात ही अडचण सर्रास दिसते, आणि दोष ‘श्यामची आई’च्या माथी मारला जातो. पुस्तक पुन्हा उघडून पाहावं. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला त्याची आई शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर धाडते. पोहून परतल्यावर तीच त्याला दही देते. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची अनुकरणं बहुधा दही उचलतात आणि शिंपटी विसरतात. एकाच दिवसात, एकाच माणसाकडून दोन्ही मिळणं हे त्या नात्याचं बळ आहे.

तुमच्या आईला एक अशी गोष्ट द्या जी तिला मुलापेक्षा वेगळी हवी आहे: सुटलेलं शिक्षण, माहेरची वाटणी, भिशीतले स्वतःचे पैसे, दुपारची तासभर झोप. मुलाची गरज आणि ही गोष्ट एकदा समोरासमोर आणा आणि आईला स्वतःची बाजू निवडू द्या.

वडील कथेत दिसतच नाहीत. तो दोष आहे का?

मुंबईत तो घड्याळाचा परिणाम असतो, आणि तो नीट वापरता येतो. विरारहून चर्चगेटला जलद लोकलनेही सव्वा तासाच्या आसपास लागतो. त्यात घर ते स्टेशन, स्टेशन ते ऑफिस धरा. सकाळी सातला निघालेला माणूस रात्री साडेआठ-नऊला परततो. मुलाची शाळा दुपारच्या अधिवेशनाची असेल तर सकाळची भेटही ओझरती. म्हणजे रोजचा सहवास तासाभराचा, तोही जेवण आणि टीव्ही यांच्यात. मग वडिलांचं प्रेम आणि राग दोन्ही त्या तासात कोंबले जातात. दिवसभराच्या तक्रारी आईच्या तोंडून त्यांच्यापर्यंत पोचतात, आणि मुलाला वाटतं की बाबांना माझ्याविषयी फक्त वाईटच कळतं. या एका रचनेवर अख्खी कथा उभी राहते. बेस्ट, पोलीस, रुग्णालय अशा पाळीच्या नोकऱ्यांत तर दर आठवड्याला घराचा आवाज बदलतो. बाबा दिवसा झोपलेले असतील तर मुलं कुजबुजत वाढतात.

वडील थेट प्रसंगात कमी आले तरी चालतील. त्यांची वाट पाहणं, जिन्यातला त्यांचा पायरव ओळखणं, त्यांच्या मनःस्थितीचा अंदाज बांधणं, हे सगळं नात्यातच मोडतं.

आजी-आजोबांचं नातं वेगळं काय देतं?

आई-वडिलांना मुलाचं भविष्य घडवायचं असतं, आजी-आजोबांना तेवढी घाई नसते. म्हणून तिथे मूल काही सिद्ध न करता राहू शकतं. प्रकाश नारायण संतांच्या कथामालिकेतला लंपन हा मुलगा आई-वडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे वाढतो. ‘वनवास’ हा त्या मालिकेतला पहिला संग्रह १९९४चा. त्यात माया भरपूर आहे आणि तरी दूर असण्याची कळ पुसली जात नाही. दोन्ही एकाच वेळी टिकवणं हा त्यातून घेण्यासारखा धडा. खर्ड्यांत मात्र आजी बहुतेक वेळा गोष्ट सांगते आणि शेवटी वारते. तिला भांडायला लावा, विसरायला लावा, एखाद्या नातवाला उघड झुकतं माप देऊ द्या.

मैत्रीतली फसवणूक कशी लिहावी?

मोठी फसवणूक शोधू नका. या वयात जीवघेणी असते ती छोटी गोष्ट: गुपित तिसऱ्याला सांगणं, गटात असताना ओळख न दाखवणं, वाढदिवसाला न बोलावणं. मुंबईच्या वर्गात भाषेचा आणि पैशाचा पदरही असतो. घरी मराठी, मैदानावर बंबय्या हिंदी, वर्गात सेमी-इंग्रजी. ज्या मित्राशी मूल एरवी मराठीत बोलतं, त्याच्याशी इंग्रजी माध्यमाच्या मुलांसमोर ते अचानक हिंदीत बोलू लागलं, तर तो विश्वासघातच असतो. एकही कडू शब्द न लिहिता तो दाखवता येतो.

क्रम असा ठेवून पाहा. आधी मैत्रीचा एक पक्का रिवाज दोन-तीनदा दाखवा, जसं शाळा सुटल्यावर अर्धा-अर्धा वडापाव. मग एक दिवस तो रिवाज मोडतो, कारण न सांगता. कारण वाचकाला उशिरा कळू द्या आणि मुलाला त्याहून उशिरा. समेट करायचा असेल तर जुना रिवाज जसाच्या तसा परत आणू नये. जुनं नातं जसंच्या तसं मिळालं तर मधलं दुःख फुकट गेलं.

मित्राला त्याची स्वतःची अडचण हवी. तो केवळ नायकाला दुखवायला जन्मलेला नसावा.

शहाणे शिक्षक किंवा क्लासचे सर घ्यावेत का?

घ्या, पण सल्ला देऊ देऊ नका. नायकाचा प्रश्न सरांच्या एका भाषणाने सुटला की वाढ सरांची होते. शिक्षकाने काम द्यावं, जबाबदारी टाकावी, चुकीचा अंदाज बांधावा, किंवा मुलाचं खोटं ओळखूनही काही न बोलता निघून जावं.

पहिलं प्रेम आवश्यक आहे का?

नाही. घेतलंत तर त्याला मैत्री, घर आणि अभ्यास यांच्याशी टक्कर द्यायला लावा. नुसतं बघणं आणि लाजणं दोन पानांत संपतं. अठरा वर्षांखालच्या पात्रांविषयी लैंगिक वर्णन टाळावंच. २०१२च्या पॉक्सो कायद्याने बालकाचं वय अठरापर्यंत धरलं आहे, आणि भावनिक सत्यासाठी त्या वर्णनाची गरजही नसते.

मुंबईची जागा नात्यांवर कसा परिणाम करते?

फार खोलवर. बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. तिथे सहा माणसं राहत असतील तर कोणतंही भांडण दोघांचं राहत नाही. मुलाला रडायचं असेल तर कुठे जाणार? गच्ची, जिन्याचं वळण, सार्वजनिक नळाशी पाण्याच्या आवाजात, किंवा गर्दीच्या लोकलमध्ये दाराशी. तुमच्या कथेतलं प्रत्येक एकांतातलं संभाषण नेमकं कुठे होतं, हे लिहून काढा. ‘तो आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं’ हे वाक्य चाळीच्या कथेत आलं तर लेखक घर विसरला आहे.

चाळीत शेजार हे घरच्यासारखं नातं असतं: कुणीही कुणाच्या मुलाला हाक मारतं, कामाला धाडतं, दटावतं. टॉवरमध्ये गेलं की तो अधिकार जातो आणि मुलाला स्वतःची खोली मिळते. पुनर्विकासात हेच घडतं, म्हणून चाळ सुटून इमारतीत जाणं हा या वयाच्या कथेसाठी उत्तम काळ आहे. एकटेपण आणि मोकळेपण एकाच दिवशी हाती येतं. गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमानी घरांतली मुलं दर वर्षी दोन घरांत दोन वेगळी माणसं असतात. तोही धागा पुरेसा वापरला जात नाही.

शहरातली मोठी घटना घेतली तर वाढ आपोआप दिसेल का?

नाही. घटनेने भीती येते, वाढ नात्यातून येते. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. तेव्हाचं बारा वर्षांचं मूल घ्या. त्याच्यासाठी संप म्हणजे दिवसा घरी बसलेले बाबा, खानावळीचे डबे करू लागलेली आई, आणि आता पैसे कुणाकडे मागायचे हा प्रश्न. घरातली सत्ता हलते, आणि मुलाला बाबांची कीव येते. त्या कीवेची त्याला लाजही वाटते. कथा तिथे आहे, मोर्च्याच्या वर्णनात नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा पार्श्वभूमीला पुरे. त्या रात्री मूल कुणाबरोबर अडकलं, ते माणूस आधी त्याला आवडत होतं की नाही, आणि सकाळी दोघं एकमेकांशी कसे बोलले, हे लिहायचं.

कुणाचा तरी मृत्यू घेतला तर?

मृत्यूनंतर किमान दोन प्रकरणं द्या. मुलं सलग दुःख करत नाहीत. दहाव्याला क्रिकेट खेळतात आणि तीन महिन्यांनी चपलांच्या जोडाजवळ कोसळतात. आणि आई-वडिलांपैकी एकाला केवळ सोयीसाठी मारू नये. तो खर्च कथेत कुठेच वसूल होत नाही.

संवादांत काय सांभाळावं?

हाक मारण्याची रीत. साठ-सत्तरच्या दशकांतल्या बहुतेक घरांत वडिलांना अहो-जाहो होतं, आज अरे-तुरे सहज चालतं. काळ ठरवा आणि त्याप्रमाणे चाला. मग एकदाच, योग्य जागी, रीत मोडा. एरवी ‘तू’ म्हणणारी आई रागाने ‘आता तुम्ही मोठे झालात’ म्हणते तेव्हा सगळं घर ऐकतं. नायकाने भावना नाव घेऊन सांगू नये. ‘मला असुरक्षित वाटतं’ असं तेरा वर्षांचं मूल म्हणत नाही; ते म्हणतं, ‘मी नाही येत जा.’

निवेदन ‘मी’ने करावं का?

करा, पण मोठा होऊन आठवणारा ‘मी’ की त्या क्षणातलाच ‘मी’, हे पहिल्या पानाआधी ठरवा. मोठा ‘मी’ असेल तर त्याला अर्थ लावायची मुभा आहे, मात्र प्रत्येक प्रसंगाखाली अर्थ लिहायची नाही. त्या क्षणातला असेल तर वाचकाला मुलाच्या डोक्यावरून पुढचं दिसलं पाहिजे: मूल सांगतं की आई कांदा चिरत होती, आणि वाचकाला कळतं की ताटात कांदा नव्हता.

फोन आणि व्हॉट्सॲप आणायचं का?

आजची कथा असेल तर टाळता येणार नाही. गटातून काढून टाकणं, निळ्या खुणा दिसूनही उत्तर न येणं, आईने फोन तपासणं, ही आजची नात्यांची भांडणं आहेत. चॅट मात्र पानभर उतरवू नका. चार ओळी द्या आणि लगेच मूल फोन ठेवून काय करतं ते दाखवा.

शेवटी सगळ्यांचा समेट झाला पाहिजे का?

नाही. एक नातं जुळावं, एक तुटलेलं राहावं, एक तसंच लोंबकळत राहावं. हे प्रमाण पक्का नियम नाही, पण सगळी नाती एकाच प्रकरणात जुळली की वाचकाला लेखकाची घाई जाणवते.

खर्डा पूर्ण झाल्यावर तपासणी कशी करावी?

छापील प्रत घ्या आणि प्रत्येक नात्याला एक रंग द्या. त्या माणसाबरोबरचे सगळे प्रसंग त्या रंगाने समासात खुणावा. एखादा रंग पहिल्या पन्नास पानांत दिसून शेवटच्या दहांत एकदम उगवत असेल, तर मध्ये एक प्रसंग हवा आहे. मग फक्त एका रंगाचे प्रसंग ओळीने वाचा. ती स्वतंत्र छोटी कथा वाटली पाहिजे. त्यानंतर ‘जाणवलं’, ‘उमगलं’, ‘लक्षात आलं’ हे शब्द शोधून खोडा आणि वाक्य त्यांच्याशिवाय उभं राहतं का पाहा. दहापैकी सात-आठ ठिकाणी राहतं. उरलेल्या ठिकाणी आधीचा प्रसंग कच्चा आहे, म्हणून दुरुस्ती तिथे जाऊन करायची. शेवटी ज्या वयाचं पात्र आहे त्याच वयाच्या दोन-तीन मुलांना खर्डा वाचायला द्या. त्यांना आवडलं का, हे विचारू नका. कुठे कंटाळा आला आणि कुणाचा राग आला, हे विचारा आणि पान क्रमांक टिपून घ्या.